निवलेला ढीग

सकाळी साडेसातला नणंदेने वांग्याच्या रोपांचे सहा ट्रे आणून शेडच्या दारात ठेवले. रोपं खुरटली होती आणि पिवळी पडली होती.

शेड दोघी जावांची. मक्याच्या धाटांची कुट्टी करायची, शेण कालवून ढीग लावायचा, अधूनमधून वरखाली करायचा. कुजून काळं, भुसभुशीत झालं की चाळून नणंदेच्या नर्सरीला द्यायचं. तिथे रोपं मातीऐवजी त्यातच वाढत.

"वहिनी, बी चांगलंय. जुन्या मालातली रोपं हिरवीगार आहेत," नणंद म्हणाली. "हा माल कच्चा आहे. अजून कुजायचा राहिलाय, म्हणून रोपांच्या तोंडचा घास हाच खातोय."

"कच्चा कसा? मी स्वतः सळई घातली होती," थोरली म्हणाली. लोखंडी सळई ढिगात खुपसायची, थोड्या वेळाने काढून मनगटाला लावायची. कुजत असेतो ढीग आतून तापलेला असतो; सळई गार लागली की माल तयार. सासऱ्यांची ही रीत आजवर चुकली नव्हती.

धाकटीने ढिगाच्या पोटातला माल मुठीत दाबला. मूठ उघडताच तो भुरुभुरु सांडला.

"जाऊबाई, हा कोरडा ठाक आहे."

तिने पिंपभर माल भिजवून वर पोतं झाकलं. दुसऱ्या दिवशी थोरलीने त्यात सळई घातली आणि तिचं मनगट चटकलं.

ढीग पिकून नव्हे, पाण्यावाचून निवला होता. आधी तो उघड्यावर असे, पाऊस त्याला भिजवी. यंदा वर पत्रे आले, पाणी घालायचं कुणालाच सुचलं नाही.

"पत्र्यांची हौस कुणाला होती?" थोरलीने विचारलं.

"मला. आणि सळई कुणाच्या हातात होती?"

"भांडा, भांडा. तेवढ्या उबेनेच ढीग पिकेल," नणंद म्हणाली. मग हसू आवरून तिने सांगितलं, "टोमॅटोचं बी पेरायचंय. आधी या मालात मुळा उगवून दाखवा. दुसरी पानं हिरवी आली तर तुमचाच माल घेईन. नाहीतर बाहेरून आणीन, मग रुसायचं नाही. वहिनींचा माल म्हणून गिऱ्हाईक पिवळी रोपं नेत नाही."

दोघींनी ढीग भिजवला, उलटला, पुन्हा भिजवला. सळई गार लागली तेव्हा थोरलीने आधी मूठ दाबून पाहिली. ओल बोटांना लागली. तिने कुंडीत मुळा पेरला.

मुळा उगवला आहे. पहिली पानं हिरवी आहेत, पण ती बियातल्या शिदोरीवर येतात. त्यांचा भरवसा नाही. दुसरी पानं आज सकाळपर्यंत फुटलेली नव्हती.