मेघाचं रिकामं वर्ष

मुलाखतीची तयारी स्वयंपाकघरात करायची, हे उन्नतीनं ठरवून टाकलं, कारण तिथून पलंगावर झोपलेली बोधी सरळ दिसायची. सव्वा वर्षाची पोर. ती झोपली की उन्नतीचे हात कोणत्याही कामात असोत, डोळे तिकडे. पोट वरखाली होतं की नाही, पंखा जास्त तर नाही, उशीवर तोंड तर नाही. कुहीहून आई फोनवर म्हणायची, "इतकं नको पाहू वं लेकरावर. झोपू दे तिले." उन्नती हो म्हणायची आणि फोन ठेवून पुन्हा बघून यायची.

"बस समोर," तिनं धाकट्या बहिणीला सांगितलं. "मी आता मॅडम आहे."

मेघा गहू निवडायच्या स्टुलावर बसली. उद्या सकाळी तिची बीएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, प्रवेशाची मुलाखत होती, इथल्याच, नागपूरच्याच एका कॉलेजात. उन्नतीनं ओढणी दोन्ही खांद्यांवरून नीट घेतली, मान थोडी वर केली. कॉलेजात असताना ती वादविवाद स्पर्धा गाजवायची, बी.कॉम. झाल्यावर सीएच्या ऑफिसात दोन वर्षं कामही केलेलं. बाळंतपणानंतर ते सुटलं ते सुटलंच. पण बहिणीच्या या डिग्रीची आखणी तिनं अशी केली होती की मेघापेक्षा तिलाच जास्त पाठ. आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य, म्हणजे वस्तीत नाहीतर दवाखान्यात जाऊन खरं काम. त्याचे अहवाल. वर्षातून एकदा खेड्यातलं शिबिर. पुढं एमएसडब्ल्यू. मग एखाद्या दवाखान्यात किंवा बालगृहात नोकरी.

"नाव?"

"तुले माहीत नाही का?"

"मॅडमले नाही माहीत."

मेघानं हसत नाव सांगितलं.

"समाजकार्यच का निवडलं?"

"मला समाजाचं ऋण फेडायचं आहे," मेघा शाळेतल्या भाषणासारखी बोलली.

"किती हप्ते राहिले?"

"ताई, असं काहून करून राहिली?"

"मग काय तर. तिथं बाकावर बसलेले सगळेच ऋण फेडायले आलेले राहतात. मॅडम ऐकून ऐकून थकली असेल. तुहं सांग."

"मला गरजू लोकांची सेवा…"

"आश्रमात जाय मग. डिग्री कशाले पाहिजे?"

मेघानं कपाळावर हात मारला. दोघी हसल्या, पण हलक्यानं, बोधी उठायला नको म्हणून. उन्नतीला बरं वाटत होतं. आपल्याला अजून हे जमतं, एखाद्याला समोर बसवून त्याच्या बोलण्यातला भुसा पाखडणं.

"बरं, ते मागून पाहू. बारावी मागच्याच वर्षी झाली तुमची. मग हे एक वर्ष गॅप कसा?"

हा प्रश्न ती मुद्दाम विचारत होती. मेघाच्या या रिकाम्या वर्षाचा राग तिच्या मनात होताच. बारावीला बरे मार्क असून पोरगी कुठं गेली नाही. जरीपटक्याच्या या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात येऊन राहिली ती राहिलीच. 'वर्षभर मोबाइल चोळला,' असं उन्नती तिला जेवताना, कपडे वाळत घालताना, पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणाली होती. मेघा कधी उलटून बोलली नाही.

"कुठं नंबर लागला नाही," मेघा म्हणाली.

"असं सांगशील तर ढ समजतील तुले. अन् पाह्य, हे सांगताना तू खाली पाहते. खोटं वाटते ते. खरं सांगितलं की माणूस अडखळत नाही. खरं काय ते सांग."

"खरं?"

"मॅडम सांगून राहिली न."

मेघानं पलंगाकडे पाहिलं. मग नळाकडे. नळ गळत नव्हता तरी उठून घट्ट केला आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"अमरावतीले लागला होता नंबर," ती म्हणाली. "बीएसडब्ल्यूलेच. होस्टेल पण भेटलं होतं."

उन्नतीला वाटलं, पोरगी उत्तर रचतेय. "मग गेली काहून नाही?"

"जाऊ दे ना ताई. दुसरा प्रश्न विचार."

"मेघे."

"मागच्या वर्षी मे महिन्यात मी आली होती. आईनं तांदूळ दिले होते, ते घेऊन. आठवते?"

उन्नतीला आठवत होतं. कुलरचा आवाज आठवत होता, मेघाच्या हातातली पिशवी आणि ती पिशवी दारातच पडून तांदूळ सांडलेले. का पडली ते आठवत नव्हतं. बोधी तेव्हा तीन महिन्यांची.

"दार नुसतं लोटलेलं होतं," मेघा सांगू लागली. "तू कुलरसमोर बसली होती, कानावर हात ठेवून. मी म्हटलं, बोधी कुठं आहे. तू गॅलरीकडं बोट दाखवलं. गॅलरीच्या दाराले आतून कडी होती. मी कडी काढली तर ती खाली फरशीवर. चटई नाही, काही नाही. रडून रडून तिचा आवाज गेला होता, ताई. नुसतं तोंड उघडत होती."

"सावलीत ठेवलं असेल मी," उन्नती म्हणाली.

"दुपारी आपल्या गॅलरीत सावली नाही राहत."

हे उन्नतीला माहीत होतं. त्या गॅलरीत ती दुपारी पापड वाळवायची.

"मी तिले उचलून नळाखाली पाय धुतले तिचे. तू आली अन् म्हणाली, हिले कोणी घेऊन जाईल का, खाली विचारून ये ना. अशी म्हणाली जशी काही शेजाऱ्याले वाटी परत द्यायची आहे."

उन्नतीनं ओढणी काढून मांडीवर ठेवली. तिला दवाखाना आठवत होता. अशक्तपणा आहे, बाळंतपणानंतर होतं कोणाकोणाला, असं सगळे म्हणाले होते. गोळ्या तिनं नेमानं घेतल्या. हिवाळा संपता संपता डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या, आता तुम्ही बऱ्या आहात म्हणाले. तिनं आपल्यापुरतं ते प्रकरण मिटवलेलं होतं. कोणीच कधी गॅलरीचं नाव काढलं नव्हतं. गॅलरीच्या दाराची कडी मात्र वर, हात ताणावा लागेल अशी बसवलेली होती. बोधी चालायला लागेल म्हणून, असं तिचा नवरा अश्विन म्हणाला होता. तेव्हा बोधी कुशीवरही वळत नव्हती.

"तुले नेलं होतं त्या दवाखान्यात एक बाई होती," मेघा आता वळून बोलत होती. "डॉक्टर नाही, बाजूच्या टेबलावरची. समाजसेविका म्हणत होते तिले. सगळे तुह्याबद्दलच विचारत होते. तिनं मले बाहेर बाकावर बसवलं अन् म्हणाली, तू किती दिवस झाले झोपली नाही? बस, इतकंच. मले असं रडू आलं न ताई, मी तिच्या साडीले नाक पुसलं. त्या दिवशीच ठरवलं, मले हेच काम शिकायचं आहे. आता तू म्हण, हे काय मुलाखतीत सांगू?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, दुसऱ्याच्या पोटातून आलं. आणि ते चांगलं होतं. उन्नतीच्या डोक्यातला मॅडमचा भाग अजून जागा होता, तो म्हणाला, हिला घेतील.

"अन् वर्षभर तू इथं त्याच्यासाठी राहिली?"

"आईनं सांगितलं, तिले एकटी नको सोडू. जिजाजींनीच बोलावलं होतं मले." अश्विन सावनेरकडच्या खाणीत होता. पहाटे निघायचा तो संध्याकाळी यायचा.

वर्ष सगळं उन्नतीच्या डोळ्यांसमोरून उलटं फिरलं. बोधीची अंघोळ चाललेली आणि मेघा टॉवेल घेऊन दारात उभी. दूध आणायला खाली जायचं तरी बोधी मेघाच्या कडेवर, 'हिले हवा लागू दे जरा.' बाजारात तिघी सोबत. उन्नती म्हणायची, पोरगी माझी सावली आहे, माझ्याशिवाय करमत नाही हिला. मैत्रिणींना कौतुकानं सांगायची. आपण सगळ्या घरावर डोळा ठेवून आहोत असं तिला वाटत होतं.

"अजून पण?" तिनं विचारलं.

"काय अजून?"

"अजून पण पाहत राहते तू माह्यावर?"

मेघा येऊन पुन्हा स्टुलावर बसली.

"डॉक्टर म्हणाले न, मी बरी आहे."

"आहेच न तू बरी."

"मग यंदा पण अमरावतीचा फॉर्म भर. होस्टेलवर राहा. कशाले इथं?"

"इथलंच चांगलं आहे. घरून जाता येते."

"माह्यासाठी?"

"बोधीसाठी," ती म्हणाली.

आत बोधी कुसमुसली. उन्नती उठली. तिच्या मागोमाग मेघाही उठली, सवयीनं, विचार न करता, आणि दोघी दारात एकदम थबकल्या. मेघाला आपण काय केलं ते कळलं. ती मागं सरकली, स्टुलावर बसली, आणि हात मांडीखाली दाबून ठेवले.

उन्नतीनं पोरीला थोपटलं. बोधीच्या तळपायांकडे बघवेना, तरी तिनं बघितलं. गुलाबी, मऊ, कुठं काही नाही. आपले हात तिनं बघितले. या हातांनी तिला फरशीवर ठेवलं असेल, तेव्हा डोकं सांभाळून ठेवलं असेल का? तिला आठवत नव्हतं, आणि ज्यांना आठवत होतं त्यांच्याजवळच रोज जेवायचं होतं.

संध्याकाळी अश्विन आला. तिनं त्याला वाढलं. त्यानं भाजीचं कौतुक केलं. तो जरा जास्तच करतो कौतुक, हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

सकाळी मेघाला तिनं आपली निळी कुर्ती दिली, इस्त्री करून.

"ऐक," दारात ती म्हणाली. "गॅपचं विचारलं तर कालचं सांग. नाव नको घेऊ. एक जवळची बाई होती, म्हण. ती बाकावरची गोष्ट सांगजो. तेच खरं आहे, अन् त्याच्यावरच घेतील तुले."

"ताई…"

"मले चालते. अन् दुसरं. मी अन् बोधी आज दोघीच राहतो. कोणाले सांगू नको, कोणाले पाठवू नको. इतकं ऐकशील?"

"हो."

"शपथ नको घेऊ, नुसतं हो म्हण."

"म्हटलं न हो."

जिना उतरणाऱ्या चपला ऐकू येईनाशा झाल्या आणि घर मोठं झालं. उन्नतीनं दार लावलं. बोधी खाली बसून चमच्यानं डबा वाजवत होती. उन्नती तिच्यासमोर बसली, मधे हातभर जागा सोडून. भीती वाटते का, हे ती स्वतःला चाचपून बघत होती, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं. वाटत नव्हती. मग वाटली. मग बोधीनं चमचा तिच्या गुडघ्यावर वाजवला आणि ती हसली. "वाजव," ती म्हणाली. तिनं आणखी एक डबा पुढं केला. दोघींचं असं बरंच चाललं, आणि आपण पलंगाकडे, खिडकीकडे, पंख्याकडे कितीतरी वेळात पाहिलंच नाही, हे उन्नतीच्या ध्यानात आलं.

दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या मीराकाकू, हातात सूप, सुपात ढीगभर लसूण.

"घरात गरमी किती होऊन राहिली बाप्पा," त्या आत येत म्हणाल्या. "म्हटलं वर हवा राहते, इथंच सोलते. तुले काम असेल तर कर तुहं."

उन्नतीनं सुपाकडे पाहिलं. इतका लसूण आठवडाभर पुरेल. बोधी डबा टाकून काकूंकडे धावली आणि त्यांच्या मांडीत अशी जाऊन बसली, जशी तिची ती ठरलेली जागा. म्हणजे आजच नाही. आधीही कितीदा तरी.

जा म्हणता आलं असतं. काकू, आज नको, एवढं म्हणायचं होतं. उन्नतीनं तोंड उघडलं आणि तिला वाटलं, त्या गेल्या आणि काही झालं तर? ते तिला स्वतःला वाटलं, कोणी सांगितलं नव्हतं. ती खाली बसली, सुपातला मूठभर लसूण आपल्याकडे ओढला.

बराच वेळ दोघी सोलत होत्या. मग काकूंचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं, उन्नतीकडे पाहिलं, फोन उलटा ठेवला.

"घ्या न काकू," उन्नती म्हणाली. "मेघाच असेल."

काकू ओशाळल्या. "तसं नाही वं. ती बिचारी…" त्यांनी फोन कानाला लावला. "हो. हो, खेळून राहिली. ती पण आहे न, माह्याजवळच बसली आहे. झाली का मुलाखत तुही?"

"विचारा तिले," उन्नती म्हणाली, "गॅपचं विचारलं का म्हणा."

काकूंनी विचारलं, ऐकलं. "विचारलं म्हणते."

"मग काय सांगितलं?"

"थांब, आवाज येऊन नाही राहिला… हां." काकूंनी मान हलवली. "कुठं नंबर लागला नाही, असं सांगितलं म्हणते. मॅडम म्हणाली, अभ्यास कमी पडला असेल. ही हो म्हणाली." मग फोन बाजूला करून हलक्यानं, "काहून वं, इतकी हुशार पोरगी, नंबर कसा नाही लागला हिचा मागच्या वर्षी?"

उन्नतीच्या नखात लसणाचं साल गेलं होतं. ते ती काढत राहिली.

"तिले म्हणा, घरी ये," ती म्हणाली. "म्हणा, जेवायले थांबली आहे मी."