रथाचा उपवास

त्र्याण्णव सालचा उन्हाळा. आमच्या गावच्या मंगळवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, पण भाजीला कोणी हात लावत नव्हतं. सगळे माना उंचावून पारोळ्याच्या रस्त्याकडे बघत होते. तिकडून, दोन महिने गावातच मुक्काम ठोकून असलेल्या मौनगिरी महाराजांची स्कूटर येत होती. किक नाही, धूर नाही, फटफट नाही! खालपासून वरपर्यंत भगव्या कापडात गुंडाळलेली, आणि नंबराच्या पाटीवर नंबराऐवजी कुंकवाचा ‘श्री’.

नाव मौनगिरी, तोंड मात्र क्षणभर बंद नाही. “पेट्रोल म्हणजे धरणीमातेचं रक्त! तुमच्या गाड्या ते पितात. माझा रथ नुसत्या नामावर पळतो! म्हणे नंबर कुठे, लायसन कुठे! हनुमंत लंकेला उडाला, तेव्हा पासिंग करून घेतलं होतं का?”

लोकांनी टाळ्या पिटल्या. सायकलला दिवा नाही म्हणून मला भर चौकात अडवणारा हवालदार अभिमन आता हात जोडून बाजूला उभा होता. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भागाबाई मिरच्यांची पाटी उचलायला पाठमोरी वाकली होती. रथाला हॉर्न नव्हता आणि आवाज तर नव्हताच. धडक बसली, बाई पडली, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं.

“आवाजच उना नही वं माय!” ती ओरडत राहिली.

महाराज गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत. “रथाकडे पाठ केली, देवाने शिक्षा दिली. आता देवच पाय जोडेल. अंगारा बांधा. डॉक्टरचा हात लागला तर रथ हे गाव सोडून जाईल!”

आणि गावाने ते ऐकलं. हाड बाहेर आलेल्या पायाला राख फासून वर फडकं बांधलं.

शुक्रवारी सकाळी आरोग्य केंद्राच्या नर्स सुनंदाबाई धावत माझ्याकडे आल्या. “गुरुजी, पाय काळा पडलाय, वास येतोय. आजच्या आज धुळ्याला नेलं नाही तर बाई जाईल. पण लोक दारात उभे आहेत, हलवू देत नाहीत.”

मी गेलो. भागाबाईचा मुलगा सुपडू उंबऱ्यात डोकं धरून बसला होता.

“गुरुजी, बठ्ठं गाव एकीकडे शे,” तो म्हणाला. “रथ गया तं गाव बुडी जाई म्हनतस. मी एकटा काय करू?”

या माणसांशी वाद घालण्यात वेळ गेला असता. मी म्हणालो, “मग चला, रथाकडेच जाऊ.” त्याला सगळे तयार झाले. ज्ञानचंद शेठच्या पिठाच्या चक्कीमागच्या खोलीत महाराजांचा मुक्काम होता. आख्खी गर्दी तिथे लोटली.

“महाराज,” मी म्हणालो, “पाय देवच जोडणार ना? मग रथ भागाबाईच्या दारात आणा.”

“आज शुक्रवार. आज रथाचा उपवास. तो जागचा हलत नाही.”

“मागच्या महिन्यापर्यंत हा उपवास बुधवारी होता.”

“देवाची इच्छा बदलते, मास्तर!”

मी शेठकडे वळलो. “शेठ, तुमची चक्की कोणत्या वारी बंद असते?”

“शुक्रवारी. लाइट नसते ना.”

“आणि मागच्या महिन्यापर्यंत?”

“बुधवारी. वीजवाल्यांनी वार बदलला...” शेठ बोलता बोलता थांबले.

दीपनगरच्या वीजकेंद्रातली वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते, तरी त्या वर्षी आमच्याकडे आठवड्यातून एक वार वीज बंद असे. आदल्या रात्री दिवे जात, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येत. बायका त्या हिशेबानेच दळण टाकत. म्हणून शेठच्या आधी बेबाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अय्या! दयनना वार बदलना, तवयच रथना उपास बदलना!” ती गर्दीतून ओरडली.

महाराज “पाप लागेल!” म्हणून आडवे आले. सुपडूने त्यांना ढकललं आणि मी भगवं कापड ओढलं. आत ट्रकच्या चार बॅटऱ्या होत्या आणि इंजिनाच्या जागी विजेची मोटर. चार्जरची वायर खिडकीतून बाहेर जाऊन खांबावरच्या तारेला आकडा टाकून अडकवली होती. नामावर पळणारा रथ रोज रात्री चोरीची वीज पीत होता, आणि ज्या रात्री वीज नसे त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला उपवास घडत होता.

मग गावाचं शौर्य जागं झालं. ज्यांनी त्या गाडीपुढे लोटांगणं घातली होती, तेच रॉकेल आणायला धावले. “भुताची गाडी! जाळा!”

“काय जाळता?” मी ओरडलो. मला महाराजापेक्षा या गर्दीचाच जास्त राग आला होता. “मोटर चांगली आहे. कोणा हुशार कारागिराने मन लावून बसवलीय. तिला नंबर नव्हता, हॉर्न नव्हता, चालवणाऱ्याला लायसन नव्हतं, आणि हे विचारायची हिंमत तुमच्यापैकी एकालाही नव्हती! अभिमन, त्या बुवाला धरा. शेठ, जीप काढा!”

धुळ्याला डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि मान हलवली. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. त्याच दिवशी आणलं असतं तर वाचला असता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आजही गावात काहीजण म्हणतात, महाराजांना धरलं म्हणून भागाबाईचा पाय गेला. अशांशी बोलताना माझा तोल जातो. बिनआवाजाच्या, बिनपेट्रोलच्या गाड्या उद्या रस्त्यावर येणारच, आणि खुशाल याव्यात. त्यांना हात जोडू नका आणि काडीही लावू नका. नंबर विचारा, हॉर्न वाजवून बघा, सीट उचलून आत काय आहे ते पाहा. आणि हाड मोडलं तर दवाखान्यात जा.

पाय कापल्यावर धुळ्याच्या इस्पितळात मी भागाबाईला भेटायला गेलो, तेव्हा गावातली पाच-सहा माणसं केळी घेऊन खाटेभोवती उभी होती. भागाबाईने केळी परत केली.

“गाडीनी मनं हाड मोडं,” ती म्हणाली. “पाय तुम्हीन काढी लिधा.”