शेंदूर लागलेली धोंड

मी वालधुनीच्या काठची धोंड बोलतेय. काळी, सपाट पाठीची. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या खालच्या अंगाला पडून असते. डोळे मिटले की अजून पायाशी नितळ पाणी येतं, मासे गुदगुल्या करतात. उघडले की नुसता फेस.

पूर्वी बाया माझ्यावर धुणं आपटायच्या. घरोघर नळ आले, नदी काळी पडली, बाया आटल्या. मग लोकांनी फुटके कमोड, गाद्या, थर्माकोलची मखरं आणून टाकली. नाकाला रुमाल लावून यायचे, पिशवी भिरकावून पळायचे. लाज नाही कुणाला!

मागच्या चाळीतली तुळशी उल्हासनगरातून जीन्सच्या चिंध्या आणून गोधड्या शिवते. तिनं बायांना घेऊन काठ झाडला. सकाळी पुन्हा कचरा. तेव्हा तिनं मला शेंदूर फासला. "आता टाका म्हणावं!"

कुणी टाकेना. संध्याकाळी बाया गोधड्या घेऊन जमू लागल्या. पोरी काठालगतच्या भिंतीवर मासे रंगवायच्या, कुणी ओवी म्हणायचं. पसरलेल्या निळ्या चिंध्या वाऱ्यानं हलल्या की वाटायचं, माझी जुनी नदीच परत आली.

पण शेंदूर भलता चिकट. नारळ फुटायला लागले. चाळीतला बबन तर माझ्याभोवती लावायला लोखंडी ग्रिलच घेऊन आला.

"तुळशीवहिनी, उद्यापासून चिंध्या इथं नको. देवाची जागा आहे."

तुळशी चिंध्या गोळा करू लागली. शेंदूर तिनंच लावलेला, पुसायला हात धजेना.

विठाआजीचे गुडघे गेलेले. खाली बसता येत नाही म्हणून रोज लांब उभी राहून बघायची. ती लंगडत पुढे आली आणि माझ्यावर बसली.

"ए आजी, ऊठ! देवावर बसतेस?"

"जा रे बबन्या! तुझी लंगोटं आपटलीत मी हिच्यावर. तेव्हा नाही कोपली ती!"

बाया हसून लोळल्या. बबनलाही हसू आवरेना. तुळशीनं खोबरेल आणलं आणि मला चोळचोळून पुसलं. किती वर्षांनी बाईचा हात असा फिरला माझ्यावर! अंगभर झोप उतरली.

आता ग्रिलवर गोधड्या टांगतात. नदी अजून काळीच आहे, खोटं कशाला बोलू? तीही चोळून घ्यावी लागेल, आणि ते एकट्या तुळशीचं काम नाही. तुम्ही या. नारळ नको, सुई आणा. आणि हात जोडून उभं काय राहता? बसा की!