सरासरीत गेलेले नाना

सोमवारी सकाळी हेमांगी शेलारने डोंगर घासून सपाट केला आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत तिचे वडील खाली आले.

हवामान संस्थेत ही रीतच होती. पावसाचा अंदाज काढणाऱ्या मॉडेलला चढ सोसत नाही. सह्याद्रीसारखा उभा कडा समोर आला की आतलं वारं बिथरतं, आकडे उधळतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून संस्थेच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे मशीनवर, काम टाकण्याआधी डोंगरांवर थोडा रंधा मारायचा. हेमांगीचा हात त्या दिवशी जरा जड पडला, इतकंच. आणि डोंगर नेमका माहेरचा निघाला.

फोन वाजला, तो वडिलांचाच, नानांचा होता. उभा जन्म त्यांनी घाटात एसटी चालवली होती आणि आता माथ्यावर एकटेच राहत होते, सोबतीला एक म्हैस.

"पोरी, डोंगर गेला बघ," नाना म्हणाले. "घर हाय, म्हस हाय, समदं हाय. पन खालच्या वाडीच्या रांगंत येऊन बसलोय. घाटात एकबी वळण ऱ्हायलं न्हाई. डायवर लोक पेंगाय लागल्यात."

"तुम्हाला लागलं नाही ना कुठं?"

"लागतंय कशाला? सावकाश उतारलो. पन च्या कोमट लागतोय, आन हिरीचं पानीबी तेवढंच कोमट."

हेमांगीने लगेच नकाशा उघडला. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनात सगळं एकच धरतं. एकच उंची, एकच ऊन, एकच पाऊस. डोंगर होता तोवर नाना वरच्या चौकोनात एकटे होते. आता ते वाडीच्या चौकोनात आले होते, आणि सुरुवात चहापासून झाली होती.

दुपारी पुन्हा फोन आला. आवाज निम्मा नानांचा आणि निम्मा भलत्याच कुणाचा तरी होता.

"पोरी, मला लेकी किती गं? मघापासनं मोजतोय, दीडच भरतीया."

"एकच, नाना. मी."

"मग ही वरची अर्धी कुनाची म्हनायची? आन मी दारू पितो का?"

"थेंबसुद्धा नाही."

"पितो की. थोडी थोडी. समदेच."

ज्या माणसाने आयुष्यात सोड्याची बाटली उघडली नव्हती, तो माणूस हे बोलत होता. वाडी नानांमध्ये मुरत चालली होती. ती पुरती मुरली की त्यांच्यात हेमांगीच्या वाट्याला चिमूटभर जागाही उरणार नव्हती. तिला रडू आलं. मग ती डोळे पुसून करंदीकर सरांकडे गेली.

"सर, माझे वडील सरासरीत गेले."

"अरेरे," सर म्हणाले. ते विभागप्रमुख होते, त्यामुळे त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. "कधी?"

"आजच. डोंगर परत उभा करू का?"

"एवढ्या मोठ्या चौकोनात? उधळेल. वडिलांसकट. चौकोन बारीक करा. पण चौकोन जितका बारीक, तितकं मशीन हळू. तिकडचा दिवस इकडे कधी मावळेल, ते मी सांगू शकणार नाही."

मशीनच्या दाराशी रांग होती. सगळ्यांत पुढे बंगालच्या उपसागरातलं एक चक्रीवादळ बाकावर निथळत बसलं होतं. त्याच्यामागे शाल पांघरून थंडीची एक लाट.

"मला आधी जाऊ द्याल का?" हेमांगीने विचारलं. "वडिलांचं काम आहे."

"मला किनारा गाठायचाय," वादळ म्हणालं.

"उशीर झाला तर कुणी नावं ठेवणार आहे का?"

वादळाने विचार केला. "तसं डोळे लावून कुणी बसलेलं नाही," ते जरा पडेल आवाजात म्हणालं आणि तिला वाट देण्यासाठी त्याने पाय आखडून घेतले.

तिने घराएवढा चौकोन पाडला. डोंगर उठून उभा राहिला, वळणं जागच्या जागी आली. तिने अधीर होऊन फोन लावला. पलीकडे कुणीतरी शांतपणे रवंथ करत होतं.

"नाना?"

"हं," पलीकडून उत्तर आलं, आणि पुन्हा रवंथ. नाना आणि म्हैस यांची सरासरी आली होती. स्वभाव काही वाईट नव्हता, पण ते नाना नव्हते.

"खुर्चीएवढा चौकोन करते," ती म्हणाली.

"आख्खं मशीन लागेल," तिच्यामागून आलेले सर म्हणाले. "देशभरात आज हवाच नसेल."

"नसू दे."

तिने बटण दाबलं. दिवे मंद झाले. खिडकीबाहेरच्या झाडाचं पान हलायचं थांबलं आणि लोक घामाच्या धारा पुसत तिच्याभोवती जमले. फोन उचलला गेला. घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि ते खाकरणं फक्त नानांचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

"हे..." नाना म्हणाले.

अक्षर लांबत गेलं. चहाची वेळ टळली, माणसं आपापल्या घरी गेली, सकाळी परत आली. अक्षर अजून चालूच होतं, मायेनं भरलेलं, जरा चिडकं, तिचं नाव घ्यायला निघालेलं. झाडूवाल्या मावशींनी तिला पाय वर घ्यायला सांगितले आणि खालून फडकं फिरवलं.

"बिल्डिंग बंद व्हायची असेल तर सांगा," हेमांगी म्हणाली. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि हाक पुरी व्हायच्या आतच ओ दिली.