कोचसाहेबांचं प्रमाणपत्र

रविवारची सकाळ होती. ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि त्यात निळा टी-शर्ट घातलेला एक गृहस्थ हातवारे करून काहीतरी कळकळीने सांगत होता. आवाज बंद होता. बाळ नुकतंच झोपलं होतं. आणि खरं सांगायचं तर, तो काय सांगतोय याच्याशी त्या घरात कुणाला कर्तव्यही नव्हतं. घरची सून कांदा चिरत होती. मधूनमधून करंगळीने ‘पुढे’ दाबत होती. कांद्याचा हात पडद्याला लागू नये, एवढीच काय ती तिची दक्षता.

हा अभ्यासक्रम तिच्या नवऱ्याचा होता. सहावी ते आठवीच्या मुलांना खेळ शिकवणाऱ्याने दरवर्षी तो पुरा करून परीक्षा द्यायची, मगच मैदानावर उभं राहायचं, असा नियम होता. लहान हाडं कशी जपावी, उन्हात पाणी कधी द्यावं, डोक्याला मार लागला तर काय करावं, मुलांशी कसं बोलावं, सगळं त्यात होतं. नियम करणाऱ्याने चांगल्याच हेतूने केला असावा. पण नियमाला पळवाट फुटायला वेळ लागत नाही, आणि ही पळवाट थेट स्वयंपाकघरातून जात होती. गावातल्या झाडून साऱ्या कोचांचा अभ्यास त्यांच्या बायका करत. अभ्यास म्हणजे काय, तर व्हिडिओ आपला चालू ठेवायचा आणि परीक्षेच्या वेळी एकमेकींना फोन लावायचा.

“हं, सांगा,” सून म्हणाली. फोनवर हँडबॉलच्या कोचची बायको होती. तिची परीक्षा आदल्याच दिवशी ‘झाली’ होती.

“पहिल्याला ब. दुसऱ्याला ब. मग एक डोक्याला मार लागल्याचा आहे, त्याला क. आणि अगं, शेवटच्याला ड, तिथे मी चुकले होते.”

“झालं की!”

“झालं! आता तुझ्या यांना सांग, शंभरपैकी शंभर मिळाले म्हणून. छाती फुगते गं बाई त्यांची.”

दोघी खळखळून हसल्या. छाती खरंच फुगली. ज्यांच्या नावाने ही परीक्षा झाली ते कोचसाहेब त्या वेळी बाहेरच्या खोलीत पाय पसरून पेपर वाचत होते. शाळेत ते भूगोल शिकवत. फुटबॉलचा संघ त्यांच्याकडे आला, कारण त्यांचा आवाज मोठा होता आणि टोपी त्यांना शोभत असे. याहून अधिक पात्रता शाळेने कधी विचारली नव्हती. दुपारी प्रमाणपत्र छापून आलं तेव्हा त्यांनी ते आपल्या आईला दाखवलं.

“माझ्या लेकाचं डोकंच तसं आहे,” सासूबाई म्हणाल्या. सून भांडी घासत होती.

कोचसाहेबांची थोरली लेक सातवीत होती, आणि वडिलांच्याच संघात गोलकीपर. संघातल्या मुली तिला ‘भिंत’ म्हणत. अंगाने काडी, पण चेंडू आला की अशी झेपावे की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. घरी मात्र अजून आईच्या कुशीत शिरल्याशिवाय झोपायची नाही. “एवढी मोठी भिंत, आणि आईला टेकून उभी,” असं आई चिडवायची. त्यावर भिंत लाडात म्हणायची, “मग पाया नको का?”

उपांत्य सामन्याच्या दिवशी आई तान्ह्याला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. पूर्वार्धातच भिंत चेंडूवर झेपावली आणि तिचं डोकं खांबावर आपटलं. आवाज कडेपर्यंत आला. पोर उठून बसली खरी, पण तिचे डोळे कुठे लागत नव्हते. ती चालत वडिलांकडे आली आणि म्हणाली, “बाबा, सामना कधी सुरू होणार?”

सामना सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

ती रेषा ओलांडून आत गेली. “अहो, तिला बसवा. तिला काही सुधरत नाहीये.”

“काही होत नाही. गोलकीपरला असे मार लागतातच.”

“पण अहो, तिच्या डोळ्यांकडे तरी बघा!”

आजूबाजूला इतर पालक होते, मुख्याध्यापक होते. कोचसाहेबांनी टोपी नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “इथे प्रशिक्षित कोच कोण आहे? तू की मी?”

लोक हसले. मुख्याध्यापकही हसले. आणि आई? तिला त्या क्षणी एवढंच आठवलं की डोक्याला मार लागल्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘क’ होतं. ‘क’ म्हणजे काय, ते तिने वाचलंच नव्हतं. ती मागे सरली.

भिंत पुन्हा गोलात उभी राहिली. उत्तरार्धात समोरून धावत आलेल्या मुलीचा गुडघा तिच्या डोक्याला लागला. धक्का तसा हलकाच होता. पण या खेपेला ती उठली नाही.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सरळ सांगितलं, “पहिल्या माराने फार काही झालं नसतं. विश्रांतीने बरी झाली असती. त्यावर दुसरा बसला, तो नडला. पहिल्यानंतर तिला लगेच बाहेर का नाही काढलं?”

कोचसाहेब म्हणाले, “खेळात असं होतंच.” एवढं बोलून ते फोन आला म्हणून व्हरांड्यात गेले. फोन आलेला नव्हता.

पोर वाचली. घरी आली. पण उजेड तिला सोसवेना. पडदे ओढून ठेवावे लागले. दोन ओळी वाचल्या की डोकं ठणकायचं. आणि शब्द हरवायचे. जेवताना ताटाकडे बघत ती म्हणायची, “आई, ते दे ना... ज्याने खातात ते.” आई चमचा तिच्या हातात द्यायची आणि शब्द मुद्दाम दोनदा उच्चारायची. चमचा. हा घे चमचा. बोलायला नुकतंच लागलेलं तान्हं तो शब्द चटकन उचलायचं, आणि थोरली त्याच्याकडे बघत राहायची.

डोक्याला मार लागलेलं मूल रुग्णालयात गेलं की शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयाकडून चौकशी होते. तशी ती होणार हे कळलं, तेव्हा मुख्याध्यापक फळांची पिशवी घेऊन घरी आले. पोरीच्या खोलीकडे त्यांनी एक नजरही टाकली नाही. चहा मात्र मागून घेतला.

“वहिनी, साधी गोष्ट आहे,” ते म्हणाले. “मुलगी आदल्या दिवशी घरात जिन्यावरून पडली. तुम्हाला वाटलं किरकोळ आहे, म्हणून शाळेला कळवलं नाही. बस, एवढंच सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“पण ती पडली नव्हती.”

“अगं, आईच्या हातून होतं कधी दुर्लक्ष,” कोचसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “तुला कोण काय म्हणणार आहे? माझं मात्र कोचपद जाईल. नाव जाईल.”

“आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई,” सासूबाई म्हणाल्या. “घरातलं घरात ठेवावं.”

“आणि तुम्ही कोच राहिलात तर?” तिने नवऱ्याला विचारलं. “उद्या दुसऱ्या कुणाची पोर आपटली, तर काय कराल?”

“काय करणार म्हणजे? प्रमाणपत्र आहे ना माझ्याकडे!”

किती सहज म्हणाला तो गृहस्थ हे! स्वतःच्या लेकीच्या बंद खोलीबाहेर बसून, बायकोने मिळवलेल्या गुणांवर. माणसाला लाज किती सहज पचते, याचं अधिक चांगलं उदाहरण शोधायला लांब जायला नको.

चौकशीचा अधिकारी आला तेव्हा मुख्याध्यापक, कोचसाहेब आणि सासूबाई ओळीने बसले होते. त्याने आईला विचारलं, “मुलगी आदल्या दिवशी घरी पडली होती का?”

मुख्याध्यापकांनीच उत्तर दिलं, “हो, जिन्यावरून...”

“माझी मुलगी घरात पडली नाही,” आई म्हणाली. “खांबावर आपटली. तिला काही कळत नव्हतं, तरी यांनी परत उभं केलं. आणि यांना काय करायचं ते माहीत नव्हतं, कारण परीक्षा यांनी दिलीच नाही. मी दिली. तीही न वाचता. फोनवर उत्तरं विचारून.”

“डोकं फिरलंय हिचं!” कोचसाहेब उठून उभे राहिले. “पोरीच्या आजारपणाने...”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि आवाज खाली आणला. “बाई, असं तर सगळीकडेच चालतं हो.”

“मग सगळीकडचं लिहा.”

त्याने लिहिलं. लिहिताना त्याचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी त्याच्याच घराचं दार उघडून आत डोकावलं असावं.

कोचपद गेलं. भूगोल राहिला. सासूबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं, आणि बाजारात हँडबॉलवाल्यांच्या बायकोने रस्ता बदलला. पुढच्या आठवड्यात पालकांची सभा भरली, ती मात्र पोरीची विचारपूस करायला नव्हे. अंतिम सामना हुकला होता.

“तुमच्यामुळे आमच्या पोरींचा हंगाम वाया गेला,” एक बाप म्हणाला.

“पोरींची डोकी शाबूत आहेत ना अजून?” आईने विचारलं. त्याच सभेत कापडाच्या दुकानदाराला कोच करायचं ठरलं. त्याची मुलगी पुढच्या फळीत खेळायची आणि त्याचाही आवाज मोठा होता. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे त्याच्या गळ्यात शिट्टी घातली. टाळ्या पडल्या.

“तो अभ्यासक्रम तेवढा उरकून टाका,” मुख्याध्यापक म्हणाले.

“त्याचं काय! ही करेल,” दुकानदार म्हणाला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने फोन बाहेर काढलाही होता.

आई उठून तिच्यापाशी गेली. “ताई, मीही हेच केलं होतं. माझी लेक आता चमच्याला काय म्हणतात ते विसरते.”

त्या बाईने फोनकडे पाहिलं. मग सभागृहाच्या दारात मैत्रिणींशी कुजबुजत हसणाऱ्या आपल्या मुलीकडे पाहिलं. तिने फोन नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

“अहो, हे तुम्ही वाचा. सगळं.”

“मला कुठे गं वेळ आहे?”

“मग ती शिट्टी काढा.”