पांढरीची जागा

वाऱ्याने उडू पाहणारा नकाशा रागिणीने सतरंजीवर दाबून धरला आणि नाल्याकाठच्या चार एकरांवर बोट ठेवलं. दर्यापूरजवळच्या या गावात ग्रामसेविका म्हणून येऊन तिला तीनच महिने झाले होते. वरून आलेल्या यादीत त्या जागेपुढे ‘पडीक’ असं लिहिलेलं होतं. आजच्या ग्रामसभेत ते तसंच राहिलं, तर तिथं कंपनीचं गोदाम उठणार होतं.

“पडीक?” म्हातारे पुंजाजी चष्मा पुसत म्हणाले. “आखर हाय थे. सकायी साऱ्या गावाचे ढोरं तिथं जमतात. बैलाईचा पोया बी तिथंच भरते.”

“आमी मिरच्या तिथंच वायवतो,” खुर्शीदबी म्हणाल्या. “ईदची नमाज बी तिथंच. आमाले तं थे ईदगा हाय.”

मागून कोणी ‘ग्राउंड’ म्हणालं, कोणी मळणीचं ‘खयं’. बायका हसत हसत एकमेकींना दुरुस्त करू लागल्या. रागिणीने ठरावाचं रजिस्टर उघडलं आणि ऐकेल तो प्रत्येक शब्द लिहीत गेली. रकाना भरला, तशी ती समासात शिरली.

“आता ही जागा वापरतं कोण, ते सांगा.”

“पांढरी लिवा,” पुंजाजी म्हणाले.

“पांढरी म्हणजे गावठाणाची माती ना?”

“माती बी पांढरी, अन् तिच्यावर राहनारी मानसं बी पांढरी. काही ठरवाचं असलं तं आमी म्हनतो, पांढरीले इचारा.”

रागिणीचं पेन थांबलं. अमरावतीत वाढलेल्या तिला हा शब्द परीक्षेपुरताच भेटला होता.

“म्हणजे तुम्ही सगळे,” असं पुटपुटत ती लिहू लागली.

“फक्त तुमी कावून?” खुर्शीदबी म्हणाल्या. “आपन सगये. रोज संध्याकायी तुमी तिथं स्कुटी शिकता ना?”

सगळी सभा हसली. बाभळीआड आपल्याला कोणी पाहत नाही, अशी रागिणीची समजूत होती. तिचे कान लाल झाले. तिने ‘तुम्ही’ खोडलं, ‘आपण’ लिहिलं आणि जागा पडीक नसल्याचा ठराव वाचून दाखवला. एकूण एक हात वर झाला.

“काल तं दोनदा पडल्या,” हात वर ठेवूनच पुंजाजी म्हणाले.

“एकदाच,” रागिणी म्हणाली आणि तिने सहीसाठी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.