न पळालेलं पिल्लू

ताई बारा वर्षं समुद्राखालच्या एकाच प्रवाळ-खडकावर माशांची पिल्लं मोजत होती. नखाएवढी पिल्लं खोल पाण्यातून यायची आणि प्रवाळाच्या फांद्यांत घर करायची. प्रयोगशाळेत तिला सगळे ‘बालवाडीच्या बाई’ म्हणत. तिला ते आवडायचं.

तिचा धाकटा भाऊ सहा फूट उंच, तरी घरात बारक्याच. खडकाच्या पलीकडे बोटींसाठी नवा धक्का बांधत होते, तिथे समुद्रतळात लोखंडी खांब ठोकायचं यंत्र तो चालवायचा. पहिला खांब बसला त्या महिन्यात ताईने दोनशे दहा पिल्लं मोजली. चौथ्या महिन्यात एकोणतीस.

“आमच्यामुळे?” बारक्याने जेवताना विचारलं.

“गाळ बसतो, आणि आवाज. खडकावरच्या झिंग्यांचा, माशांचा आवाज ऐकतच पिल्लं वाट काढतात रे. तुमच्या दणदणाटात त्यांना काय ऐकू येणार?”

“चल, काहीतरीच! माशांना कान असतात होय?”

“सुट्टीच्या दिवशी ये माझ्याबरोबर.”

तो आला. पाठीला हवेच्या टाक्या बांधून दोघं खाली उतरली. यंत्रं बंद होती, तरी पाणी गढूळच. फांद्यांवर राखाडी थर. ताईने एका फटीकडे बोट दाखवलं. एक निळं पिल्लू भराभर कल्ले हलवत होतं. पळेल म्हणून बारक्याने हात पुढे केला. ते पळालं नाही. त्याच्या बोटाला टेकून धापा टाकत राहिलं.

वर आल्यावर त्याने होडीची कड धरली.

“मला भ्यायलं कसं नाही गं ते?”

“भ्यायचं त्राणच उरलं नसेल.”

दुसऱ्या दिवशी तो इंजिनिअरसमोर उभा राहिला. पिल्लांना वाट सापडेल, तीन आठवडे तरी काम थांबवा, म्हणाला. इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, “दमलायस तू. घरी जा.”

दुपारी यंत्रावर बारक्याच्या जागी दुसरा बसला. ठोके घरापर्यंत ऐकू आले.

“माझ्यापायी तुझं काम गेलं,” ताई म्हणाली.

“गप गं,” म्हणत बारक्या हमसून हमसून रडला.

पुढच्या महिन्यात ती एकटीच पाण्यात उतरली. हवा संपत आली तरी फांदी न् फांदी चाचपत राहिली. मग गळ्यातल्या पाटीवर शून्य लिहिलं.

वर्षअखेरीस प्रयोगशाळेने तिथली मोजणी बंद केली. तिला दुसऱ्या किनाऱ्यावर पाठवायचं ठरलं. ती गेली नाही.

“वेडी आहेस का?” बारक्याने विचारलं.

“एखादं चुकूनमाकून आलंच,” ती म्हणाली, “तर बघायला कुणी नको?”